रिबकाची कळशी

मीना सलमान बंदरावर उभे राहिले की समोर पाणीच पाणी, पण पिण्याजोगे घोटभरही नाही. पूर्वी इथले पाणबुडे कातडी पखाल घेऊन समुद्राच्या तळाशी जात आणि तिथल्या झऱ्याचे गोडे पाणी भरून वर आणत. ‘बहरीन’ म्हणजे दोन समुद्र. एक खारा, दुसरा त्याच्या खालचा गोडा, असा अर्थ काही जण लावतात. विसाव्या शतकात जमिनीतल्या पाण्याचा उपसा वाढला आणि झरे आटत गेले.

अशा ठिकाणी राहून बेरेशीथचा २४वा अध्याय वाचावा. अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन झऱ्यावर येतो. रिबका त्याला पाजतेच, वर उंटांनाही पाजते म्हणते. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटर पाणी पिऊ शकतो. कळशी दहा लिटरची धरली तर दहा उंटांसाठी शंभर खेपा! कोकणात विहिरीचे पाणी शेंदलेल्या आपल्या आज्यांना हा हिशोब सांगायला नको.

या प्रसंगाचे एक फार जुने चित्र व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सहाव्या शतकातली ही ग्रीक हस्तलिखित पोथी ‘व्हिएन्ना जेनेसिस’ म्हणून ओळखली जाते. तिची २४ पाने आणि ४८ चित्रे उरली आहेत. चर्मपत्र जांभळे रंगवून त्यावर चांदीच्या शाईने लिहिले. तीच शाई पुढे काळी पडली आणि चर्मपत्राला खाऊ लागली.

चित्रात रिबका दोनदा दिसते. एकदा खांद्यावर कळशी घेऊन नगरातून खाली येताना, एकदा सेवकाच्या तोंडाला कळशी लावताना. मागे उंट वाट पाहत आहेत. झऱ्याजवळ एक अर्धवस्त्र बाई घड्यातून पाणी ओतत रेललेली आहे. मुलांनो, ती तोरामध्ये शोधू नका. ग्रीक चित्रकार झरा दाखवायला अशी जलदेवता काढत. आपल्या कथेत ती उपरी वाटते, तरी वाळवंटात झऱ्याला जीव आहे हे त्या चित्रकाराला कळले होते, असे मला वाटते.

आपल्या हागादांच्या चित्रांत पाणी वेगळ्या रूपात येते. १३२० च्या सुमारास कॅटालोनियात तयार झालेल्या ‘सुवर्ण हागादा’त मिसरवरील पीडा रंगवल्या आहेत. पहिलीच पीडा पाण्याचे रक्त होण्याची. तेव्हा मिसरी लोकांनी पिण्याच्या पाण्यासाठी नदीकाठी खड्डे खणले, असे शेमोथच्या ७व्या अध्यायात आहे. सेदरच्या रात्री बोट बुडवून थेंब काढताना तो खड्डा खणणारा तहानलेला शेजारीही मुलांना दाखवा.