न पोचलेली कबुली
जपानी चित्रकथाकार योशितोकी ओइमा यांच्या ‘कोए नो काताची’ या मांगामध्ये, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथेत, प्राथमिक शाळेत कर्णबधिर शोको निशिमियाची श्रवणयंत्रे मोडणारा शोया इशिदा काही वर्षांनी तिला भेटतो, तेव्हा तो सांकेतिक भाषा, म्हणजे हातांच्या खुणा व मुद्राभाव यांची स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा, शिकून आलेला असतो. मात्र सर्वांत हळवा प्रसंग आवाजाचा आहे: खुणा मुद्दाम टाळून शोको तोंडाने ‘सुकी’, म्हणजे ‘आवडतोस’, असे म्हणते आणि शोयाला ते ‘त्सुकी’, म्हणजे ‘चंद्र’, असे ऐकू येते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, स्पष्ट करतेच असे नाही (ऐकू येणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही). ‘स’सारखे उच्च वारंवारितेचे, म्हणजे बारीक पट्टीचे, ध्वनी अनेकदा निसटतात आणि जे नीट ऐकलेले नाही ते उच्चारणेही कठीण जाते, त्यामुळे हा घोटाळा निव्वळ कथानकाची सोय वाटत नाही. नाओको यामादा यांचा २०१६चा चित्रपट देखणा असला, तरी २०१३-१४ मध्ये क्रमशः आलेली मूळ चित्रकथाच सरस म्हणावी लागते, कारण तिच्या एका प्रकरणात संवादांची अक्षरे अर्धवट पुसून शोकोला जेवढे ऐकू येते तेवढेच वाचकापुढे ठेवले आहे.