आजची भाकर, आजचा माणूस



मार्च-एप्रिलमध्ये आमच्या भागातल्या पाड्यांवर उजाडण्याआधीच जाग असते. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात, नाहीतर गुरेढोरे खाऊन टाकतात. उद्या पडणारी फुले आज वेचता येत नाहीत. म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत सारे घर टोपली घेऊन झाडाखाली वाकलेले असते.

हे पाहिले की निर्गमाच्या पुस्तकातला सोळावा अध्याय आठवतो. इस्राएली लोक रानात भुकेले होते. देव त्यांना रोज सकाळी मान्ना देई. प्रत्येकाने आपल्या घरच्या माणसांपुरता गोळा करायचा, अशी आज्ञा होती. काहींनी भीतीपोटी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले. चाळीस वर्षे देवाने आपल्या लोकांना हाच एक धडा शिकवला: आजचा दिवस माझ्याकडून घे, उद्याही मी आहे.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात हेच सांगितले. आकाशातली पाखरे आणि रानातली फुले दाखवून त्याने शिष्यांना उद्याची चिंता सोडायला सांगितले. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजची, आणि ती ‘मला’ नव्हे, ‘आम्हाला’ दे म्हणतो. हा ‘आम्हाला’ शब्द फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

याचा अर्थ नियोजन करू नये, असा आहे का? मुळीच नाही. त्याच सोळाव्या अध्यायात शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करायला देवानेच सांगितले आणि तो नासला नाही. योसेफाने मिसर देशात सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य साठवले म्हणून दुष्काळात लोक जगले. आमच्या बायकाही मोह वाळवून पावसाळ्यासाठी ठेवतात. येशूने ज्या श्रीमंत शेतकऱ्याला मूर्ख ठरवले, त्याचा दोष कोठार बांधण्यात नव्हता. त्याच्या बोलण्यात देव नव्हता आणि शेजारीही नव्हता. होता तो फक्त ‘मी’ आणि ‘माझे’. तजवीज करणे हे शहाणपण आहे. चिंता मात्र आजचा दिवस खाऊन टाकते आणि उद्याला काहीच देत नाही.

आजचा क्षण पूर्णपणे जगणे म्हणजे काय, हे व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुएन वान थुआन यांच्या जीवनातून कळते. 1975 साली त्यांची सायगॉनचे सहआर्चबिशप म्हणून नेमणूक झाली आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. पुढे तेरा वर्षे ते कैदेत होते आणि त्यांपैकी नऊ एकांतवासात. सुटका कधी होईल, याची वाट पाहत बसायचे की हातातला प्रत्येक क्षण प्रेमाने भरायचा, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. एका लहान मुलाकडून जुन्या कॅलेंडरची पाने मागवून त्यांच्या पाठीमागे ते आपल्या लोकांसाठी छोटे संदेश लिहू लागले. पोटदुखीचे औषध म्हणून मिळालेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. पहाऱ्यावरच्या शिपायांशी त्यांनी मैत्री केली, त्यांना भाषा शिकवल्या. 1988 मध्ये ते सुटले. त्यांनी ती वर्षे वाया गेली असे मानले नाही, कारण त्या दिवसांत समोर असलेल्या माणसांवर त्यांनी प्रेम केले होते.

आता ‘आम्हाला’ या शब्दाकडे येऊ. ज्याच्या घरात संध्याकाळचे तांदूळ नाहीत, त्याला ‘उद्याची चिंता करू नकोस’ असे सांगणे सोपे आहे. याकोबाने आपल्या पत्रात अशाच कोरड्या शब्दांना दोष दिला आहे: उघड्या-उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावले, तर त्याचा काय उपयोग? आमच्या पाड्यांवरची कित्येक कुटुंबे वीटभट्टीच्या मालकाकडून आगाऊ उचल घेतात. घरातले आजारपण, लग्न, पावसाळ्यातले खाणे यांत ती संपते आणि दिवाळीनंतर ती फेडायला सारे कुटुंब भट्टीवर जाते. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालचा आहे. तरी कर्जाच्या बदल्यात माणसाचे दिवस बांधून घेण्याची रीत पुरती गेलेली नाही. या लोकांचा उद्या आधीच विकला गेलेला असतो. त्यांचे ओझे हलके व्हायचे, तर त्यांच्या ‘आज’मध्ये कोणीतरी हजर असायला हवे.

यात मी स्वतः चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी वसतिगृहासाठी मुलांची यादी करायला मी एका पाड्यावर गेलो होतो. एक म्हातारी ‘बसा ना फादर’ म्हणत नातीविषयी काहीतरी सांगू लागली. मी मान हलवत होतो, पण लक्ष घड्याळाकडे होते. अजून तीन पाडे बाकी होते. ‘पुढच्या खेपेला बोलू’ म्हणून मी उठलो. पुढच्या खेपेला गेलो तर दाराला कडी होती. आईबापांबरोबर ती मुलगीही भट्टीवर गेली होती, आणि म्हातारीही. मुलीला इथेच ठेवून घ्या, हेच तिला सांगायचे होते, असे शेजाऱ्यांकडून कळले. चारही पाड्यांची यादी मी त्या दिवशी पूर्ण केली होती. तिचे नाव तेवढे तीत नव्हते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. शोमरोनीही प्रवासातच होता, पण तो थांबला. त्याने जखमा बांधल्या, माणसाला उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देऊन, जास्त खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. म्हणजे जो आज थांबला, त्यानेच उद्याची सोय केली.

या तिमाहीत आपण तीन साध्या गोष्टी करू या. सकाळी दिवसाचे काम हाती घेण्याआधी दोन मिनिटे शांत बसून तो दिवस देवाकडून स्वीकारावा. दिवसभरात निदान एका माणसाचे बोलणे घड्याळ न पाहता शेवटपर्यंत ऐकावे. आणि रात्री झोपण्यापूर्वी जे उरले, जे चुकले, ते देवाच्या हाती सोपवावे. ज्यांना शक्य आहे, त्यांनी एखाद्या मुलाच्या ‘उद्या’साठी आजच काही बाजूला ठेवावे.

हे प्रभो, आजचा दिवस तू दिलास. त्यात तू ज्याला आमच्या दारी पाठवशील, त्याच्यासाठी आम्हाला थांबायला शिकव. आमेन.