गुलाबी खाडीचे गणित

थंडी ओसरू लागली की शिवडीच्या किनाऱ्यावर दुर्बिणी घेतलेल्या मुंबईकरांची वर्दळ वाढते. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर हजारो रोहित पक्षी माना खाली घालून चरत असतात. शहराच्या हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे, की ते पूर्वापार चालत आले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ठाणे खाडीत रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९०च्या दशकापासून. मग मधल्या काळात खाडीत असे काय बदलले?

याचे उत्तर फारसे सुखावणारे नाही. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीच्या दोन्ही काठांवर शहरे वाढली, कारखाने उभे राहिले आणि त्यांचे सांडपाणी खाडीत उतरले. त्यातून नायट्रोजन व फॉस्फरस ही पोषकद्रव्ये आली. शेताला खत मिळावे तसे ते चिखलावरील सूक्ष्म शैवालाला मिळाले. छोटा रोहित प्रामुख्याने अशाच शैवालावर जगतो. डोके उलटे करून, चोचीतल्या गाळणीने तो ते पाण्यातून गाळून घेतो. त्याच्या पिसांची गुलाबी छटाही अन्नातील रंगद्रव्यांतूनच येते. तेव्हा ज्या रंगाचे शहराला एवढे कौतुक, त्याचा काही वाटा शहराच्याच गटारांतून आलेला आहे, असे म्हणणे भाग पडते. मात्र तोच मैला आणि तेच शैवाल कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि मासळीचा श्वास कोंडतो. रोहितांचे ताट भरत असताना खाडीकाठच्या कोळीवाड्यांतील जाळी रिकामी होत गेली, ती अशी.

सजीव आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी, हवा यांना वेगळे काढून समजून घेता येत नाही, हा विचार ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ साली 'इकोसिस्टीम' ही संज्ञा वापरून मांडला. मराठीत तिला 'परिसंस्था' म्हणतात. ठाणे खाडीच्या परिसंस्थेत निर्णायक भूमिका गाळाची आहे. पाण्याचा वेग मंदावला की गाळ खाली बसतो आणि चिखलाची पातळी हळूहळू उंचावते. भरतीचे पाणी जेथे दिवसातून काही तासच टिकते, तेथे तिवराची रोपे मूळ धरतात. तिवराची श्वसनमुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात आणि आणखी गाळ अडवतात. त्यामुळे जमीन अधिक उंचावते आणि कांदळवन खाडीकडे एकेक पाऊल सरकते. एका वनस्पतीने केलेल्या बदलामुळे पुढच्या वनस्पतींना जागा मिळण्याच्या या क्रमाला 'अनुक्रमण' असे नाव आहे.

इथे एक पेच उभा राहतो. कांदळवन वाढले की उघडी दलदल घटते, आणि रोहिताला लागते ती उघडी दलदलच. झाडीत त्याचे काय काम? कांदळवनाच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली. खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला 'रामसर' पाणथळाचा दर्जा मिळाला. हे सारे आवश्यकच होते. परंतु नकाशावरील रेषेने गाळ थांबत नाही. आज दिसते तेच चित्र जसेच्या तसे गोठवून ठेवण्याचा हट्ट म्हणूनच निरर्थक ठरतो. राखायची असते ती भरती-ओहोटीची मोकळी ये-जा आणि कांदळवनाला व दलदलीला मागेपुढे सरकण्याइतकी जागा. काठ भिंतींनी बांधून टाकले, तर ही जागाच उरत नाही.

सांडपाण्यावर प्रक्रिया झालीच पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. मात्र ती काटेकोरपणे होऊ लागली तर शैवाल घटेल आणि कदाचित रोहितांची संख्याही. त्या वेळी तो ऱ्हास मानायचा की सुधारणा, हे ठरवणे सोपे नसेल.

अभयारण्याच्या सीमेचा अपुरेपणा भरतीच्या वेळी प्रत्यक्ष दिसतो. दलदल पाण्याखाली गेली की रोहितांचे थवे नवी मुंबईतील उथळ पाणथळांवर जाऊन उभे राहतात. यातील कित्येक जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तेथे भरतीचे पाणी नाल्यांतून आत येते. तो मार्ग बुजला की तळे आटते किंवा साचून कुजते. ओहोटी लागताच थवे पुन्हा चिखलाकडे परततात.