पात्याची पारख

१९९१ च्या सप्टेंबरात, इटली व ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीवरील ओत्सताल पर्वतराजीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२१० मीटर उंचीवर वितळू लागलेल्या हिमातून ज्या प्राचीन मनुष्याचा देह वर आला, आणि ज्याला पुढे सारे जग ओत्सी या नावाने ओळखू लागले, त्याच्या सामानात एक सुरा होता. पाते गारेचे, मूठ अ‍ॅश वृक्षाच्या चिवट लाकडाची, दोहोंचा सांधा प्राण्याच्या स्नायुतंतूंनी घट्ट आवळलेला, आणि म्यान लिंडन वृक्षाच्या अंतर्सालीचे विणलेले. सर्व मिळून लांबी सुमारे १३ सेंटिमीटर. गारेची बोथटलेली धार टवके काढून पुन्हा पाजळण्याचे, लाकडात शिंगाचा खिळा बसवून केलेले एक हत्यारही त्याच सामानात मिळाले; आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासली असता त्याची दगडी हत्यारे वारंवार धार काढल्यामुळे झिजून आयुष्याच्या शेवटास आलेली दिसली. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या या डोंगरी मनुष्याने मुठीत अचल बसवलेले आखूड पाते, त्याचे म्यान आणि धार परत आणण्याचे साधन एवढा सरंजाम जवळ ठेवला होता. रानावनात, कडेकपारीत, वस्तीपासून दोन-दोन दिवस दूर काम करणाऱ्या वनरक्षकाला, भूवैज्ञानिकाला किंवा गिर्यारोहकाला आजही याहून फारसे निराळे काही लागत नाही.

घडीचा चाकू खिशात सोयीने मावतो ही गोष्ट खरी. तथापि त्याचे पाते व मूठ यांना जोडणारी खीळ आणि पाते उघडे धरून ठेवणारी पट्टी, ही दोन्ही स्थाने स्वभावतःच दुबळी असतात, आणि चिखल, वाळू, झाडाचा चीक यांचा शिरकाव प्रथम तेथेच होतो. दोर कापणे, जखमी सोबत्यासाठी डोली बांधताना फांद्या सोलून काढणे, भिजलेल्या लाकडाची साल काढून आतले कोरडे लाकूड उघडे पाडणे, असली कामे एकामागून एक पडू लागली म्हणजे सांधा नसलेले पातेच विश्वासास पात्र ठरते. पण बिनघडीचे पाते दिसले की ते मजबूत असलेच पाहिजे, आणि जाड असले की अधिकच मजबूत, अशी जी समजूत बाजारात रूढ आहे ती मला घातक वाटते. कारण सुऱ्याचे बळ ज्या दोन ठिकाणी ठरते ती दोन्ही ठिकाणे विकत घेणाऱ्याच्या नजरेआड असतात. एक पोलादाच्या अंतरंगात, आणि दुसरे मुठीच्या पोटात.

पोलाद म्हणजे लोखंड व कार्बन यांचा संयोग, हे शालेय पुस्तकातून आपण शिकलेलो असतो. परंतु लोखंडाने कार्बनला आपल्या स्फटिकात किती जागा द्यावी, हे तापमानावर अवलंबून असते, हा या विद्येचा खरा गाभा होय. साध्या तापमानाला लोखंडाच्या स्फटिकजालात शेकडा ०.०२ इतकाही कार्बन धडपणे मावत नाही. तेच लोखंड तापवून लाल केले की त्याच्या अणूंची मांडणी पालटते, आणि या नव्या मांडणीत, जिला ऑस्टेनाइट असे नाव आहे, शेकडा २ पर्यंत कार्बन विरघळू शकतो. शेकडा ०.९५ कार्बन असलेले पाते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून सावकाश निवू दिले, तर कार्बन पुन्हा बाहेर पडतो व पाते मऊ राहते. मात्र ते एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवले, तर बाहेर पडायला अवधीच न मिळालेले कार्बनचे अणू जागच्या जागी अडकतात, सारे जाल ताणले जाते, आणि त्या ताणातून अत्यंत कठीण असा मार्टेन्साइट जन्मास येतो. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले. पण मार्टेन्सच्या जन्माच्या कित्येक शतके आधीपासून आपल्याकडचे लोहार पात्याला पाणी देताना नेमके हेच करीत आले आहेत, आणि लोखंडाच्या लालीची नेमकी छटा डोळ्यांना ओळखता यावी म्हणून भट्टीपाशी अंधार राखण्याचा शिरस्ताही पाळीत आले आहेत.

असे नुसते पाणी दिलेले पाते मात्र कामाचे नसते. त्याचे काठिण्य पराकोटीचे, पण दगडावर पडले तर काचेप्रमाणे तडकेल अशी त्याची अवस्था. म्हणून ते स्वच्छ घासून पुन्हा मंद आचेवर तापवावे लागते, आणि या वेळी पृष्ठभागावर जे रंग उमटतात ते पाहण्याजोगे असतात. सुमारे २२० अंशांना फिकट गवती पिवळा, मग गडद पिवळा, २६० च्या सुमारास तपकिरी, पुढे जांभळा, आणि ३०० अंशांच्या जवळ निळा. हे रंग कोणत्याही द्रव्याचे नसून, धातूवर जमत जाणाऱ्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी परस्परांत मिसळल्याने ते दिसतात. थर जसजसा जाड होतो तसतसा रंग पालटतो, आणि साध्या कार्बनी पोलादाच्या पात्यावर तो रंगच तापमापकाचे काम करतो. गवती रंगावर थांबवलेले पाते धार चांगली धरते. निळ्यापर्यंत गेलेले पाते अधिक चिवट होते, पण लवकर बोथटते. काठिण्य वाढवावे तर चिवटपणा घटतो आणि चिवटपणा वाढवावा तर काठिण्य, या पेचातून पूर्ण सुटका कोणत्याही पोलादाने अद्याप दिलेली नाही.

नेपाळातल्या खुकरी घडवणाऱ्या कारागिरांनी या पेचावर जी तोड काढली, ती मला या साऱ्या हुन्नरातील सर्वांत बुद्धिमान वाटते. खुकरीसाठी पोलाद बहुधा जुन्या मालमोटारींच्या पाट्यांचे, शेकडा ०.६ च्या आसपास कार्बन असलेले, हादरे सोसण्यासाठीच बनवलेले. पाते लाल झाले की कारागीर ते सांडशीत धरतो, आणि किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या केवळ कडेवरून, टोकापासून मुठीकडे व मुठीकडून टोकाकडे, फिरवत राहतो. वाफेचा फूत्कार होतो, कड काळवंडते, आणि पाठ मात्र अजून लालसर असते. कड क्षणार्धात निवून कठीण होते. पाठ हवेतच हळूहळू निवून मऊ व चिवट राहते. शिवाय पाठीत उरलेली उष्णता कडेकडे परत सरकून तिचा अतिरेकी कडकपणा थोडा कमीही करते. एकाच पात्यात दोन स्वभाव नांदवण्याची ही किमया, आणि तीही एका किटलीच्या साह्याने.

कारखान्यात हेच काठिण्य रॉकवेल मापाने मोजतात. हिऱ्याचा शंकू १५० किलोग्रॅम भाराने धातूत दाबायचा आणि तो किती खोल गेला त्यावरून आकडा ठरवायचा, अशी ही पद्धत. रानातल्या दणकट सुऱ्यासाठी या मापावर ५६ ते ५९ हा आकडा योग्य समजावा. ५४ च्या खाली धार लवकर मुडपते, आणि ६२ च्या वर गेलेल्या कडेचे, गाठीच्या लाकडावर किंवा हाडावर पडताच, टवके उडण्याचा संभव वाढतो. पोलादाचे नाव पात्यावर ठसठशीत कोरणारे कारखानदार हा आकडा पुष्कळदा सांगत नाहीत, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे. एकच पोलाद दोन कारखान्यांतून दोन गुणांचे होऊन बाहेर पडते. हाती आलेल्या सुऱ्याची पारख घरीही करता येते. अर्ध्या सेंटिमीटर जाडीची पितळी कांब घट्ट बसवून तिच्यावर धार किंचित तिरपी टेकवावी, बेताने दाबावी आणि उजेडाकडे धरून पाहावी. कड कांबेच्या गोलाईवर जराशी लवते आणि दाब काढताच सरळ होते, तर पाणी बरोबर बसले आहे. लवलेली तशीच राहिली तर पाते मऊ, आणि टवका निघाला तर ठिसूळ.

गंजाची गोष्ट निराळी, आणि आपल्या मुलखात ती अगत्याने बोलली पाहिजे. हॅरी ब्रिअर्ली या शेफील्डच्या धातुशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये, बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत यासाठी प्रयोग करीत असता, शेकडा १२.८ क्रोमियम घातलेले पोलाद ओतले. क्रोमियमचे प्रमाण शेकडा साडेदहाच्या वर गेले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचाच, पण अखंड पापुद्रा धरतो आणि ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनने स्वतःच भरून येतो. मात्र क्रोमियम पोलादात मोकळे असले पाहिजे. डी-२ नावाच्या प्रसिद्ध पोलादात शेकडा १२ क्रोमियम असूनही ते गंजते, कारण त्यात कार्बन शेकडा दीड इतका आहे आणि क्रोमियमचा मोठा वाटा त्या कार्बनशी संयोग पावून कठीण कणांत बद्ध होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड तर चांगल्या पापुद्र्यालाही भोके पाडते. यास्तव किनाऱ्यालगत आणि पावसाळी कामासाठी गंजरोधक पोलाद घ्यावे. घाटमाथ्यावर व देशावर साधे कार्बनी पोलाद अधिक गुणाचे, कारण ते दगडावर चटकन पाजळते, आणि गारगोटीवर चकमक झाडायची वेळ आलीच तर ठिणग्याही तेच देते.

आता मुठीच्या पोटातला प्रश्न. पात्याचे पोलाद मुठीत शिरताना कोठे तरी अरुंद होते, आणि सुरा मोडतो तो बहुधा त्याच खांद्यापाशी. याचे कारण केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी त्याच १९१३ साली जहाजांच्या पत्र्यांसंबंधीच्या निबंधात गणिताने मांडले. ताण सोसणाऱ्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेशी ताण तिप्पट होतो. आणि भोक जितके चिंचोळे, त्याचे टोक जितके तीक्ष्ण, तितका तो वाढत जातो. खाच तिच्या टोकाच्या वक्रतात्रिज्येच्या शंभरपट खोल असली तर ताण सुमारे एकवीसपट! खांद्याचा कोपरा काटकोनात कापलेला असेल, तर फांदीच्या फटीत पाते घालून पिळताना सारा भार त्या एका रेषेवर एकवटतो, आणि महागड्या पोलादाचाही तेथे निरुपाय होतो. तोच कोपरा गोलाईने उतरवला असेल तर अरुंद शेपटीही पुरते. १९४२ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाने स्वीकारलेल्या का-बार सुऱ्याचे पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीचे नव्हते. चामड्याच्या चकत्या ओवलेल्या मुठीतून ते अरुंद होऊन जाई, आणि तरीही त्या सुऱ्याने महायुद्धात खोकी उघडण्यापासून खड्डे खणण्यापर्यंत सर्व कामे केली. तथापि खात्री करून घेण्याचा मार्ग नसेल तेथे, मुठीच्या दोन फळ्यांमधून पोलाद शेवटपर्यंत डोळ्यांना दिसते असाच सुरा घ्यावा. १९८२ च्या एका अमेरिकन चित्रपटानंतर पोकळ मुठीत काड्यापेटी व गळ ठेवण्याच्या सुऱ्यांचे जे पेव फुटले, त्यांतील स्वस्त सुऱ्यांचे पाते दोन-तीन बोटे लांबीच्या तुकड्यावर तगलेले असते. पाठीवरचे करवतीसारखे दातेही त्याच इंग्लिसच्या हिशेबाने पाते दुबळे करतात. अशा सुऱ्यावर कोणी आपला जीव सोपवू नये.

मुठीविषयी एवढेच, की ओल्या, थंड हातातही ती फिरता कामा नये, आणि पुढे बोटे धारेवर घसरणार नाहीत इतका उंचवटा किंवा परज तिला असावी. चामड्याचे म्यान देखणे; पण ते दमटपणा धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर, शिलाईयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवून ठेवावे.

जाडीचा हिशेब घनाचा आहे. ३ मिलिमीटरचे पाते ६ मिलिमीटर केले की वजन दुप्पट होते आणि वाकण्यास होणारा विरोध आठपट. पण तेच जाड पाते लाकडात शिरताना पाचरीप्रमाणे अडते आणि प्रत्येक कापाला जास्त जोर मागते. थकलेल्या हाताला हा जोर परवडत नाही. स्वीडनमधील मोरा गावच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनणारे सुरे आणि फिनलंडचा पुक्को यांची पाती तळहाताएवढी आखूड व बारीक असतात. आणि त्या देशांतील लोक बर्फाळ अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या त्यांवरच निभावत आले आहेत. १० ते १२ सेंटिमीटर लांबी आणि ३ ते ४ मिलिमीटर जाडी हे प्रमाण मला सर्वांत समंजस वाटते. ओंडका तोडायचा असेल तर आपल्याकडे कमरेच्या आकडीत अडकवायची कोयती आहेच, आणि तिचे काम सुऱ्यावर लादण्याचे प्रयोजन नाही.

लांबीला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र नियम, २०१६ मधील वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते, ते घरगुती, शेतकी, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसेल तर, शस्त्रांत गणले जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तर त्याहून कडक: त्यातील शस्त्राच्या व्याख्येत चाकू-सुरेही येतात, आणि कलम ३१ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाच्या अथवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, राधानगरी ही गिरिप्रेमींची नित्याची ठिकाणे अभयारण्यांच्या हद्दीत मोडतात. सबब संशोधनासाठी किंवा शोध व बचावाच्या कामासाठी तेथे सुरा नेणे भाग असलेल्या पथकाने सुऱ्याची लांबी व प्रयोजन नमूद करून वनखात्याकडे वेळीच अर्ज करावा, आणि निघताना परवानगीचा कागद सामानात सोबत ठेवावा.