गॅरेजवरील विश्वास उडाल्यावर

ज्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात टाटा, बजाज, महिंद्र यांच्या कारखान्यांतून वाहने निर्माण होतात, तेथील रहिवाशालाही, न बदललेल्या भागाची किंमत गॅरेजच्या बिलात दिसली असता, असहाय व्हावे लागते, ही मला अत्यंत क्लेशदायक गोष्ट वाटते. तथापि अशा वेळी बळजबरीने गाडी काढून नेऊ नये. कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० अन्वये, ज्या कारागिराने सोपविलेले काम रीतसर पुरे केले, त्यास, विरुद्ध करार नसल्यास, त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे. जुन्या थकबाकीपोटी मात्र, तसा करार नसेल तर, ती अडवता येत नाही. म्हणून लेखी हरकत नोंदवूनच रक्कम भरावी, पावती, जॉबकार्ड आणि काढलेले जुने भाग मागून घ्यावेत, आणि अन्य जाणकार मेकॅनिकचा लेखी अभिप्राय मिळवावा. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत स्थापन केली, त्याच जिल्ह्यातील ग्राहकाने पुढे मुकाट बसावे, हे मला पटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही, आणि वकील देणेही सक्तीचे नाही.