बिटांचा वेग, बाइटांची डिस्क

जुन्नर तालुक्यात, खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतात.

दूरसंचारवाले वेग बिटांत सांगतात, डिस्कवाले बाइटांत. 1 बाइट म्हणजे 8 बिट, म्हणून 8 ने भागायचे. ई-1 लाइनचे 2.048 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 256 किलोबाइट. एसटीएम-1 चे 155.52 मेगाबिट म्हणजे 19.44 मेगाबाइट; 20 मेगाबाइटच्या जुन्या फास्ट-वाइड स्कझीत ते जेमतेम मावतात.

आता तबकडीचा हिशेब करून पाहा. 32 मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायला सेकंदाला किमान 6.4 कोटी नमुने लागतात. नमुना 8 बिटांचा धरला आणि ध्रुवीकरणे दोन, तर 1,024 मेगाबिट, म्हणजेच 128 मेगाबाइट. तेही एकाच तबकडीचे! जुन्या एटीए-100 जोडणीची मर्यादा कागदावरसुद्धा 100 मेगाबाइटच. म्हणून एरवी कच्चे नमुने साठवत नाहीत. कोरिलेटर तबकड्यांच्या 435 जोड्यांचे गुणाकार करून त्यांची सरासरी काढतो आणि ती डिस्कवर जाते. ही छाटणी मला या साऱ्या यंत्रणेचा कणा वाटते.

साटा जोडणीत मात्र 8 चा भागाकार चुकतो. तिथे प्रत्येक बाइटमागे तारेवरून 10 बिट जातात, त्यामुळे 1.5 गिगाबिटचे 150 मेगाबाइटच हाती येतात.