व्यापारचिन्ह, प्रताधिकार व जाहिरातविषयक विवाद

एका व्यावसायिकाचे चिन्ह, नाव, वेष्टन वा कलाकृती यांचे दुसऱ्याने अनुकरण केल्यामुळे, किंवा जाहिरातीतून त्याच्या मालाची निंदा केल्यामुळे उद्‌भवणारे दिवाणी विवाद. भारतात हे विवाद मुख्यतः प्रताधिकार अधिनियम, १९५७ व व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ यांनुसार आणि न्यायालयांच्या निर्णयांतून सिद्ध झालेल्या तत्त्वांनुसार सोडविले जातात.

नोंदणीकृत व्यापारचिन्हाच्या अनधिकृत वापरास उल्लंघन म्हणतात. चिन्ह नोंदलेले नसले, तरी आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते; विधिव्यवहारात यास ‘पासिंग ऑफ’ अशी संज्ञा आहे. मात्र अशा दाव्यात वादीला आपल्या मालाचा लौकिक, प्रतिवादीने निर्माण केलेला आभास व त्यामुळे झालेली वा संभवणारी हानी, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात.

दोन चिन्हांतील साम्य न्यायालय सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने पाहते. समजा, नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावद येथे एखादा शेतकरी बियाण्याचे पाकीट विकत घेतो. गेल्या हंगामातील पाकीट त्याच्यासमोर नसते. चित्र, रंग व नावाचा उच्चार एवढेच त्याच्या स्मरणात असते. म्हणून दोन्ही वेष्टने शेजारी ठेवून त्यांतील बारीकसारीक भेद मोजणे, ही योग्य कसोटी ठरत नाही. मुंबईच्या पार्ले कंपनीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हेच तत्त्व लावले. दोन्ही बिस्किटांच्या वेष्टनांवर मुलगी, गाई व कोंबड्या यांचे चित्र होते. तपशिलात फरक असूनही एकंदर ठसा सारखाच असल्याने न्यायालयाने मनाई हुकूम दिला. तत्पूर्वी १९५९ मध्ये ‘ग्लुकोविटा’ हे चिन्ह प्रचलित असताना मुंबईतील एका उत्पादकाने बिस्किटांसाठी योजलेले ‘ग्लुविटा’ हे नाव नोंदणीस अपात्र ठरले होते. औषधांच्या नावांतील गोंधळ जिवावर बेतू शकतो. म्हणून त्यांना अधिक कडक कसोटी लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने कॅडिला प्रकरणात (२००१) म्हटले आहे. सुप्रसिद्ध नावाच्या बाबतीत दोघांचा व्यवसाय एकच असणेही आवश्यक नसते. ‘किर्लोस्कर’ या नावासंबंधी मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तसा निर्णय दिला.

प्रताधिकार कल्पनेस नसून तिच्या अभिव्यक्तीस असतो. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक व ‘न्यू देहली’ हा चित्रपट यांसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, विषय समान असला तरी मांडणी भिन्न असल्यास उल्लंघन होत नाही, असे ठरविले. वेष्टनावरील मूळ चित्र ही कलाकृती असल्याने त्याच्या नकलेबद्दल व्यापारचिन्ह व प्रताधिकार या दोन्ही आधारांवर दावा करता येतो.

व्यापारी जाहिरात हीदेखील भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेसच्या दाव्यात (१९९५) मान्य केले. तथापि फसव्या जाहिरातीस हे संरक्षण नाही. आपला माल उत्तम आहे असे म्हणता येते. दुसऱ्याचा माल वाईट आहे असे सूचित करून त्याची निंदा करता येत नाही. आइस्क्रीम व वनस्पतिजन्य स्निग्धांशाचे ‘फ्रोजन डेझर्ट’ यांची तुलना करणाऱ्या अमूलच्या जाहिरातींना मुंबई उच्च न्यायालयाने याच कारणास्तव २०१७ मध्ये मनाई केली आणि २०१८ मध्ये खंडपीठाने ती कायम ठेवली.

असे दावे जिल्हा न्यायालयाहून कनिष्ठ न्यायालयात चालत नाहीत. वाणिज्य न्यायालये अधिनियम, २०१५ व त्यातील २०१८ ची दुरुस्ती यांनुसार तीन लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याचे दावे वाणिज्य न्यायालयाकडे जातात. तातडीचा अंतरिम उपाय मागितलेला नसेल, तर आधी मध्यस्थीचा मार्ग अनुसरावा लागतो. नोंदणीकृत चिन्हाच्या मालकाला स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणीच दावा करता येतो, ही कायद्याने दिलेली मोठी सवलत होय. म्हसावदचा उत्पादक याच आधारे नंदुरबार जिल्ह्यातच दाद मागू शकतो. चिन्ह नोंदलेले नसल्यास ही सवलत मिळत नाही. प्रतिवादी जेथे राहतो वा जेथे वादकारण घडले, तेथे जावे लागते. सवलतीचा दुरुपयोग मात्र मान्य नाही. मुख्य कार्यालय व वादकारण दोन्ही मुंबईत असताना केवळ शाखेच्या आधारे दिल्लीत दावा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात (२०१५) स्पष्ट केले.

दाव्याचा निकाल लागण्यास वर्षे लागतात. म्हणून पुष्कळदा तात्पुरता मनाई हुकूम हाच निर्णायक ठरतो. तो देताना प्रथमदर्शनी बाजू, सोयीअसोयीचा तोल व भरून न येणारी हानी यांचा विचार होतो. बनावट माल ताब्यात घेण्यासाठी न्यायालय आयुक्त किंवा प्रापक नेमते. अंतिम निकालात नुकसानभरपाई किंवा प्रतिवादीच्या नफ्याचा हिशेब मागता येतो. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने चिन्हाची वेळीच केलेली नोंदणी, तसेच विक्रीची बिले, जुनी वेष्टने व जाहिरातींची कात्रणे यांचे जतन या बाबी विशेष महत्त्वाच्या होत. कारण चिन्हाचा आधीपासूनचा वापर व त्याचा लौकिक या पुराव्यांवरूनच सिद्ध होतो.